इंजिनिअरचा आठवड्यातला एक तास

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना एकदा इंजिनिअरचं चित्र काढायला सांगितलं गेलं. मेरेडिथ नाइट आणि क्रिस्टीन कनिंगहॅम या दोघी संशोधकांनी हा प्रयोग करून 2004 साली त्यावर लिहिलं. लहान मुलांनी काय काढलं? गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, बांधकामावरचा माणूस, हातात पाना नाहीतर हातोडा. अडचण समजून घेऊन तिच्यावर तोडगा रचणारा माणूस लहानांच्या कागदांवर फारसा उतरलाच नाही. आपल्याकडच्या पाचवीच्या वर्गात हाच प्रयोग केला, तर बहुतेक चित्रांत लॅपटॉप आणि गळ्यातलं ओळखपत्र निघेल.

मुलांचा यात दोष नाही. डॉक्टर त्यांना तापात भेटतो, शिक्षक रोज भेटतो, एसटीचा कंडक्टरही भेटतो. पूल बांधणारी, पंपाची रचना करणारी, सांडपाण्याचं गणित मांडणारी माणसं मात्र कामाच्या जागीच राहतात. ती शाळेत आली तर काय होईल, या प्रश्नाचं ब्रिटनने पद्धतशीर उत्तर शोधलं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून शाळेत जायचं, अशी योजना तिथे 2002 मध्ये सुरू झाली. आज ती ‘स्टेम अँबॅसडर्स’ या नावाने चालते. स्वयंसेवकाची पोलीस नोंद तपासली जाते, थोडं प्रशिक्षण मिळतं, आणि वर्षातून किमान एक उपक्रम करण्याची अपेक्षा असते. शाळेकडून पैसे घेतले जात नाहीत. असे सुमारे 30 हजार लोक तिथे या कामात आहेत.

इतका खटाटोप का, हे संशोधक लुईस आर्चर यांच्या ‘अस्पायर्स’ या अभ्यासातून कळतं. 2009 पासून त्यांच्या चमूने इंग्लंडमधल्या हजारो मुलांना पुन्हा पुन्हा गाठून प्रश्न विचारले. 10 ते 14 वयाच्या बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होतं, आईवडिलांनाही ते महत्त्वाचं वाटत होतं. तरी शास्त्रज्ञ व्हायची इच्छा असणारी मुलं साधारण 15 टक्केच निघाली. विषय आवडतो, पण ‘हे माझ्यासारख्याचं काम नव्हे’ अशी त्यांची समजूत. घरात किंवा ओळखीत त्या क्षेत्रातलं कोणी असेल, तर ही समजूत बदलण्याची शक्यता वाढते. पुण्यातल्या मुलाचा मामा नाहीतर आतेभाऊ इंजिनिअर असतोच. आश्रमशाळेतल्या मुलीला असा मामा कुठून मिळणार? स्वयंसेवकाने भरून काढायची जागा नेमकी ही आहे.

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायला मुलांना वेगळं सांगावं लागतं का? खरंच लागत नाही. सीईटीचा निकाल लागला की घरोघरी कॅप राउंडची गणितं सुरू होतात. कॉम्प्युटर नाही मिळालं तर आयटी, तेही नाही तर बघू. पण ज्या शाखेसाठी ही धावपळ, तिच्यात सकाळी दहा वाजता माणूस नक्की काय करतो, हे अर्जावर पसंतीक्रम भरताना फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडच्या स्वयंसेवकाचं काम गर्दी वाढवण्याचं नाही, ही माहिती पुरवण्याचं आहे.

ती भाषणातून पोचत नाही. इथे अरविंद गुप्ता यांचं उदाहरण घ्यावंच लागतं. आयआयटी कानपूरचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. विद्यार्थी असतानाच ते मेसमधल्या कामगारांच्या मुलांना शिकवायचे. 1975 मध्ये पदवी घेऊन पुण्यात टेल्कोत लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली, आणि तिच्यात काडेपेटीची काडी घट्ट बसते हे लक्षात आलं.

काडीचं गुल खरवडून टाकायचं, नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्हीकडून एकेक काडी खुपसायची. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलतो. त्यात एक तिरकी काडी टाकली, अर्थात चौकोनाच्या बाजूपेक्षा थोडी लांब, की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलावर ते सगळे तिरके दांडे कशासाठी असतात, हे मुलाला आता कोणी सांगायला नको. त्याच्या बोटांना ते कळलेलं असतं. गुप्तांनी पुढे टेल्कोची नोकरी सोडली, खेळण्यांवर पुस्तकं लिहिली, आणि पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांसाठी काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरी सोडण्याइतकी उडी सगळ्यांनी मारावी असं कोणी म्हणत नाही. मूठभर काड्या घेऊन जाणं मात्र जमण्यासारखं आहे.

सरकारनेही एक दार उघडून ठेवलंय. 2016 पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरात सुमारे 10 हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, छोटे इलेक्ट्रॉनिक्सचे संच, आणि त्यासाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. यंत्रं येतात, पण शिक्षकावर आधीच कामाचा ढीग. महागाचा प्रिंटर बिघडला तर निस्तरायचं कोणी? म्हणून ‘मेंटॉर ऑफ चेंज’ ही योजना आली. आठवड्याला एक-दोन तास देणाऱ्या स्वयंसेवकांची त्यात नोंद होते. प्रिंटर अडकल्यावर न घाबरता तो उघडणारा माणूस मुलांना दिसला, तरी त्या तासाचं चीज होतं.

इथे सातत्याला मोल आहे. संशोधक अँथनी मान यांनी ब्रिटनमधल्या तरुणांची माहिती तपासली. शाळेत असताना कामाच्या जगातल्या लोकांशी चार किंवा अधिक वेळा संबंध आलेल्यांमध्ये, पुढे शिक्षणही नाही आणि नोकरीही नाही अशा स्थितीत अडकण्याचं प्रमाण, एकदाही संबंध न आलेल्यांच्या तुलनेत पाचपटींनी कमी दिसलं. सगळं श्रेय त्या भेटींनाच देता येणार नाही, पण एकदा येऊन हार घालून जाणाऱ्या पाहुण्याची मर्यादा यावरून लक्षात येते.

शाळेत कोण जातं, यानेही फरक पडतो. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्राथमिक वर्गाने अग्निशामक, सर्जन आणि लढाऊ विमानाचा पायलट यांची 66 चित्रं काढली; त्यांतली 61 पुरुषांची होती. मग दार उघडून या तिन्ही कामांतल्या स्त्रिया आत आल्या. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आपल्याकडेही साइटवर हेल्मेट घालून उभी राहणारी सिव्हिल इंजिनिअर शाळेत आली, तर मुलींसाठी वेगळं भाषण लिहावं लागणार नाही.

जाणाऱ्याने एवढी तयारी ठेवावी: मुलं पगार विचारतात, तो मोघम न बोलता सांगावा. धूळ, उन्हातल्या फेऱ्या, दहादा बदलावं लागणारं ड्रॉइंग, फसलेला अंदाज, हेही सांगावं. शाळांना पाहुणा हवा असतो तो बहुधा 15 सप्टेंबरला, अभियंता विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला. त्या दिवशी फोटोला हार घालून झाल्यावर, त्यांनी खडकवासला धरणाला बसवलेले दरवाजे पाणी चढलं की आपोआप कसे उघडत, हे बादली आणि पुठ्ठ्याने करून दाखवता येईल. आणि निघण्यापूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख मुख्याध्यापकांकडून पक्की करून घ्यावी.