काल काय केलंत?

सिडकोतल्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला आमचा वर्ग भरतो. अंबड एमआयडीसीतून जनरल शिफ्ट सुटून आलेले दोघे-तिघे, पार्लर चालवणाऱ्या ताई, आणि दिंडोरीला द्राक्षबाग असलेले पण मुक्कामाला मुलाकडे सिडकोत असलेले काका. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. ही मंडळी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली.

फळ्यावर रोज एकच प्रश्न असतो : ‘व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?’

सीएनसी मशीनवरचा दादा उभा राहतो. “यस्टर्डे आय गो...” थांबतो, स्वतःच सुधारतो, “आय वेन्ट टू कंपनी.” आणि पुढच्याच वाक्यात, “बट आय डिड नॉट वेन्ट टू कॅन्टीन.”

गो-वेन्ट-गॉन सगळ्यांना पाठ आहे. शाळेत घोकलेलं चाळिशीतही विसरत नाही. अडतं ते इथे, आणि ते मराठीमुळे अडतं. आपण ‘गेलो’ म्हणतो आणि ‘गेलो नाही’ म्हणतो. ‘गेलो’ जागचा हलत नाही, ‘नाही’ नुसतं मागे येऊन उभं राहतं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की ‘डिड’ येतं, भूतकाळ स्वतःकडे घेतं, आणि ‘वेन्ट’ला पुन्हा ‘गो’ व्हावं लागतं. हे सांगितलं की पटतं, पण जिभेवर बसत नाही.

म्हणून एक दिवस काकांची टोपी मागून घेतली. टोपी म्हणजे भूतकाळ, आणि ती एकच आहे. दादाच्या डोक्यावर टोपी असली की तो ‘वेन्ट’. ताई ‘डिड’ होऊन शेजारी आल्या की टोपी त्यांच्या डोक्यावर जाते आणि दादा उघड्या डोक्याने ‘गो’ म्हणतो. “आय वेन्ट.” टोपी सरकली. “आय डिड नॉट गो.” पुन्हा सरकली. “डिड यू गो?” वीस-पंचवीस वेळा टोपी इकडून तिकडे गेली. त्यानंतर कोणी चुकलं की मी बोलतच नाही, डोक्याला हात लावते. समोरचा स्वतःच वाक्य दुरुस्त करतो.

एका बाबतीत मात्र इंग्रजी सोपं आहे, आणि ते मी आवर्जून दाखवते. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले. तिथे सगळ्याला एकच ‘एट’. “म्हणजे बाईमाणूस असो की गडी, वेन्ट एकच?” ताईंनी विचारलं. एकच. त्यांनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

‘आलोच!’ची गंमत वेगळी. फोन घ्यायला बाहेर जाताना दादा म्हणाला, “मॅडम, आय केम, आय केम!” मराठीत निघण्याआधीच आपण ‘आलो’ म्हणतो, ती खात्री देण्याची आपली रीत आहे. इंग्रजीत ‘केम’ म्हणजे येऊन झालं. तिथे ‘आय विल बी बॅक’ म्हणावं लागतं.

काकांना भूतकाळ लागतो तो बागेसाठी. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची औषधांच्या अंशासाठी तपासणी होते. कोणती फवारणी कधी केली याची नोंद ठेवावी लागते. बाग पाहायला परदेशी माणूस आला की आपण गप्प आणि दुसराच बोलतो, ही त्यांची खंत. ते वही उघडून वाचतात, “इन ऑक्टोबर आय प्रूनेड. देन वी डिपेड द बंचेस.” छाटणी झाली, घड बुडवून झाले, फक्त उच्चार राहिला. ‘प्रून्ड’, ‘डिप्ट’. शेवटी वेगळं ‘एड’ ऐकू येतं ते क्रियापद ट किंवा डच्या आवाजावर संपत असेल तरच, ‘स्टार्टेड’, ‘नीडेड’. मशीन ‘स्टॉप्ट’ होतं, पार्लर ‘क्लीन्ड’ होतं. काका हनुवटीखाली तळहात धरून मोजतात. जबडा किती वेळा खाली आला? ‘डिप्ट’ला एकदाच. मान हलवून ते पुढची नोंद वाचायला घेतात.

सुरुवातीला मी प्रत्येक चूक तिथल्या तिथे पकडायचे. आता नाही. वाक्याच्या मध्येच अडवलेलं मोठं माणूस गप्प होतं आणि दोन दिवसांनी वर्गाला यायचं बंद होतं. मुलाखतीत आधीचं काम सांगायचं असो, ऑडिटला आलेल्याला बिघाड समजावायचा असो, सांगायचं असतं ते घडून गेलेलंच. रूपांचे तक्ते शंभर वेळा लिहून ते येत नाही. स्वतःचा कालचा दिवस रोज सांगितला तर येतं.

तुमच्या घरात आई, वडील, काका, कोणी इंग्रजी शिकत असेल, तर रात्री जेवताना त्यांना विचारा : “व्हॉट डिड यू डू टुडे?” आणि त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.