दहावी शिकलेल्या बोटांची तपासणी

छातीतली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई ती अंगावर काढते. घरात सांगायचं तर कुणाला आणि कसं, हा संकोच आणखी वेगळा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये केसपेपर निघेपर्यंत कितीतरी जणींचा आजार काखेपर्यंत पोचलेला असतो. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

श्रीमंत देशांनी यावर मॅमोग्राफीचा मार्ग धरला. पण ते यंत्र महाग, ते चालवायला तंत्रज्ञ हवा, चित्र वाचायला रेडिओलॉजिस्ट हवा. शिवाय तरुण वयात स्तनातल्या ग्रंथी दाट असतात आणि मॅमोग्राफीत त्यांच्याआड गाठ लपू शकते. हे सगळं वस्तीवस्तीत न्यायचं कसं?

टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ साली वेगळी वाट धरली. मुंबईतल्या गरीब वस्त्यांचे वीस भाग पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते दोन गटांत वाटले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया या अभ्यासात आल्या. त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी करायची आणि त्यांना आजाराची माहिती द्यायची, असं ठरलं. तपासणार कोण? डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामासाठी खास तयार केलेल्या आरोग्यसेविका.

या तपासणीत यंत्र काहीच नाही, पण शिस्त मोठी. आधी बाईला बसवून नुसतं पाहायचं: कातडी कुठे खेचली गेली आहे का, खळी पडली आहे का, बोंड आत ओढलं आहे का, त्यातून रक्त किंवा पाणी येतं का. मग तिला निजवून हात डोक्यामागे घ्यायला सांगायचं, म्हणजे स्तन छातीवर पसरतो. चाचपायचं ते बोटांच्या टोकांनी नाही, मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या गादीने. एकाच जागी छोटी गोल फिरकी घ्यायची. आधी हलका दाब, मग मध्यम, मग थेट बरगडीपर्यंत पोचणारा. तिथून बोटं न उचलता पुढे सरकायचं. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्या घेत गेलं की एक इंचही सुटत नाही. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा. स्तन मुळातच थोडा गाठाळ लागतो. त्यात वेगळी, कडक, कोथिंबिरीच्या जुडीत खडा लागावा तशी गाठ ओळखणं हीच या सेविकांची विद्या. घाई केली की ती हातची जाते.

शंका आली की बाईला टाटात पाठवलं जाई. खरं तर कामाचा अवघड भाग इथूनच सुरू होतो. गाठ सापडूनही बाई पुढच्या तपासणीला पोचली नाही, तर सेविकेचे सगळे कष्ट वाया.

वीस वर्षांचा निकाल २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा आणि डॉ. राजेंद्र बडवे ही त्यातली ठळक नावं. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा हिशेब केला तर घट १५ टक्के, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. डॉक्टरांनी हेही तितक्याच स्पष्टपणे मांडलं, आणि म्हणूनच या निकालावर विसंबता येतं.

स्वतःची तपासणी स्वतः करण्याबद्दल मात्र जरा जपून बोलायला हवं. शांघायमध्ये कापड उद्योगातल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या जणींना ही पद्धत नीट शिकवली होती. २००२ साली निकाल आला तेव्हा मृत्यू घटलेले नव्हते. साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या होत्या. आपलं शरीर ओळखीचं असावं, बदल दिसला की लगेच दाखवावा, हे खरंच. पण आरशासमोरच्या तपासणीवर सगळा भार टाकून सरकारला किंवा दवाखान्याला मोकळं होता येणार नाही.

हाताने तपासणीचं महत्त्व देशाने कागदावर मान्य केलं आहे. २०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने स्तन तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. पण तपासायला आडोशाची खोली, शिकलेली बाई आणि तिच्या हाताशी दहा-पंधरा मिनिटांची सवड लागते. उपकेंद्रात नेमकं तेच कमी पडतं. तिशीपुढच्या स्त्रीने तिथे जाऊन ही तपासणी मागावी. तो तिचा हक्क आहे.

निदान झाल्यावर मुंबईत आधाराला माणसं आहेत. १९५१ साली सुरू झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आहे. कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ‘व्ही केअर’ उभी केली. तिथे स्वतः आजार भोगलेल्या बायका नव्या रुग्णाशी बोलतात. बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आसरा आहे. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि कागदपत्रांत अडलं तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारावं. गावाहून निघतानाच रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर घ्यावेत. बायोप्सी झाली असेल तर तिच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही त्या लॅबमधून मागून घ्यावेत, म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा गावी फेरी पडत नाही.