गाठ फोडून पाहावी

सोयाबीन फुलावर आलं की एकदा त्याच्या मुळांशी बसावं. रोप उपटायचं नाही. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने भोवतीची माती सैल करून ढेकळासकट रोप उचलायचं आणि बादलीतल्या पाण्यात अलगद धुवायचं.

लातूरकडच्या काळ्या रानात एकाच वाणाची दोन रोपं अशी धुऊन शेजारी ठेवली. एक रान वर्षानुवर्षं फक्त रासायनिक खतावरचं. पावसानंतर माती घट्ट बसलेली. मुळांवर गाठी मोजक्या, नखाने फोडल्या तर आतून पांढरट, काही हिरवट. दुसऱ्या रानात उन्हाळ्यात शेणखत पडलेलं. तिथे मुख्य मुळालगत टपोऱ्या गाठी, आत तांबूस. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठ काम करते आहे. हवेतलं नत्र पकडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, जिवाणूंना मात्र श्वासासाठी तो हवाच. लेगहिमोग्लोबिन तो त्यांना बेताबेताने पोचवतं.

बियाणं दोन्हीकडे रायझोबियम चोळूनच पेरलेलं: दहा किलोला 250 ग्रॅमची पुडी, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. मग फरक पडला कुठे? मातीत. गाठीतले जिवाणू नेदरलँड्सच्या बायेरिंकने 1888 मध्ये वेगळे केले, आज ते पुडीत मिळतात. पण जगायचं त्यांना रानातच. शेणखताने काळी माती भुसभुशीत होते, पाणी साचत नाही, मुळांपर्यंत हवा जाते. खतातून निघणाऱ्या आम्लांनी चुनखडीत अडकलेला स्फुरद थोडा मोकळा होतो. नत्राचा एक रेणू फोडायला गाठीला ऊर्जेसाठी एटीपीचे किमान 16 रेणू खर्चावे लागतात, आणि एटीपी स्फुरदावाचून बनत नाही.

खत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणी वाढते. अर्धवट कुजलेला काडीकचरा जमिनीतलंच नत्र ओढून घेतो. पानं पिवळी दिसताच युरिया फेकण्याची घाईही नको. चुनखडीच्या रानात तो पिवळेपणा अनेकदा लोहाच्या कमतरतेचा असतो, आणि आयतं नत्र मिळालं की रोप गाठींना साखर पुरवणं आवरतं घेतं. आधी गाठ फोडून पाहावी, मग ठरवावं.

रायझोबियमची पुडी जूनमध्ये घरी येते. तिला फळ यायचं तर उकिरडा त्याआधीच्या उन्हाळ्यातच उपसून, मुरलेलं खत रानात पसरलेलं असायला हवं.