कंपनीचं की लोकल?

बंदुकीच्या मॅगझीनची ही गोष्ट तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरलाही लागू पडते!

'मॅगझीन' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आत्ता हातात धरलंय ते, बरोबर? आमच्या एरंडोलला मात्र हा शब्द बहुतेक वेळा पेपरच्या क्राइमच्या पानातून कानावर पडतो. गावठी पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं आणि एक मॅगझीन जप्त, या छापाची बातमी जळगाव-धुळे हायवेवरच्या गावांना नवी नाही. दुसरं एक वाक्यही इथं सगळ्यांना पाठ आहे. बाइकची ब्रेक वायर घ्या नाहीतर पंपाचं बेअरिंग, काउंटरवर पहिला प्रश्न एकच : 'कंपनीनं शे का लोकल?'

हाच प्रश्न बंदुकीच्या मॅगझीनलाही विचारला जातो. अमेरिकेत तर त्यावर लोक तासन् तास वाद घालतात. रायफलसोबत फॅक्टरीतून आलेलं मॅगझीन भरवशाचं, की बाहेरच्या कंपनीनं बनवलेलं 'आफ्टरमार्केट'? मला वाटलं होतं, यात काय विचारायचं, कंपनीचंच भारी! पण खोलात शिरले आणि उत्तर इतकं सोपं नाही हे कळलं.

डबा, स्प्रिंग आणि भरवसा

मॅगझीन म्हणजे गोळ्यांचा डबा. त्यात एक स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावर गोळ्यांना वर ढकलणारा एक तुकडा, ज्याला 'फॉलोअर' म्हणतात. डब्याच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा वरची गोळी अडवून धरतात. एक गोळी झाडली की रायफलचा बोल्ट मागे जातो आणि परत पुढे येताना वरची गोळी चेंबरमध्ये ढकलतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्प्रिंगनं पुढची गोळी नेमक्या उंचीवर आणून ठेवायची असते.

आता कडा जराशा फाकल्या, फॉलोअर तिरका झाला किंवा स्प्रिंग थकली, तर? रायफल अडली! म्हणजे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात साधा भाग अख्ख्या शस्त्राला गप्प बसवू शकतो.

शिक्का होता, तरीही...

1999 सालचं कारगिल. जवानांच्या हातात होती नवीकोरी इन्सास रायफल. आपली स्वतःची, आपल्याच आयुध कारखान्यांत बनलेली. तिचं मॅगझीन 20 गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं. आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं, ही आयडिया मस्तच. पण त्या उंचीवरच्या थंडीत मॅगझीनला तडे जाऊ लागले आणि रायफल अडण्याच्या तक्रारी आल्या. पुढे इन्सासची सुधारित आवृत्ती काढावी लागली.

लक्षात घ्या, हे कुठलं लोकल मॅगझीन नव्हतं. कारखाना सरकारी, शिक्का सरकारी, तपासणीही सरकारी. आमच्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 पासूनचा आयुध कारखाना आहे. रायफलींची काडतुसं बनवणं हेच त्याचं काम. पण काडतूस कितीही अव्वल असलं तरी ते चेंबरपर्यंत पोचवणारा डबाच तडकला, तर उपयोग काय? ऑफिसात प्रिंटर अडला तर आपण आयटीवाल्याला फोन करतो. समोरून गोळ्या येत असताना डोंगरकड्यावर कुणाला फोन करणार?

बाहेरच्यानं मारली बाजी

आता अमेरिकेकडे या. योगायोग बघा, त्याच 1999 साली रिचर्ड फिट्झपॅट्रिक या माजी मरीन सैनिकानं 'मॅगपुल' ही कंपनी काढली. पहिलं प्रॉडक्ट काय, तर पाऊचमधून मॅगझीन पटकन ओढून काढता यावं म्हणून त्याला लावायचा रबरी फासा! 2007 मध्ये त्यांनी 'पीमॅग' हे प्लॅस्टिकचं मॅगझीन बाजारात आणलं. लष्कराच्या ॲल्युमिनियमच्या मॅगझीनच्या कडा आपटून वाकायच्या. मग इराक-अफगाणिस्तानला निघालेले सैनिक स्वतःच्या खिशातून पीमॅग घेऊ लागले. लष्करालाही आपलं मॅगझीन सुधारावं लागलं. 2009 मध्ये त्यात नवा फॉलोअर आला.

म्हणजे आफ्टरमार्केट जिंकलं? थांबा! 2012 मध्ये मरीन कोअरनं पीमॅगवर बंदी घातली. त्यांच्या नव्या एम-27 रायफलमध्ये ते नीट बसतच नव्हतं. मॅगझीन चांगलं, पण त्या रायफलसाठी नाही. मॅगपुलनं रुसून न बसता डिझाइन बदललं, नव्या आवृत्तीच्या पुन्हा चाचण्या झाल्या आणि डिसेंबर 2016 मध्ये मरीन कोअरनं तिला अधिकृत मान्यता दिली.

तर फरक पडला तो चाचणीनं. शिक्का कुणाचा, हा मुद्दा त्यानंतरचा.

आणि आपलं 'लोकल'?

चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी आहे. गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत हे नाव सतत येतं. तिथल्या मालाला 'आफ्टरमार्केट' म्हणणं म्हणजे शब्दाचा अपमान! हातानं घासून, ठोकून बनवलेलं मॅगझीन. त्याला ना ठरलेलं माप, ना चाचणी. बिघडलं तर तक्रार कुणाकडे करणार? पोलिसांकडे? शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. त्यामुळे 'नुसतं मॅगझीनच तर आहे' ही सबब चालत नाही. तरीही विशी-बाविशीतली पोरं रुबाबापायी असलं काहीतरी कमरेला लावतात. केस होते, नोकरीची वाट बंद होते. वर ते हातातच फुटण्याची भीती!

खरेदीआधी तीन प्रश्न

तुम्ही-आम्ही रायफल घ्यायला जाणार नाही. पण चार्जर, हेल्मेट, ब्रेक शू तर दर वर्षी घेतोच ना? मग काउंटरवर एवढं विचारा :

• हे नेमकं माझ्याच मॉडेलसाठी आहे का? 'सगळ्यांना बसतं' हे उत्तर नाही. एम-27 आठवा.

• याची चाचणी कशात झाली आहे? आपल्या उन्हात, पावसात, खड्ड्यांत टिकेल का? कारगिल आठवा.

• बिघडलं तर जबाबदारी कुणाची? बिल न देणाऱ्या दुकानातून घेताना उमर्टी आठवा.

तिन्ही उत्तरं पक्की असतील तर लोकल खुशाल घ्या, पैसे वाचवा. नसतील तर कंपनीचा होलोग्रामही काही कामाचा नाही.

आणि एक टिप नेमबाजांकडून. ते आपल्या प्रत्येक मॅगझीनवर नंबर टाकतात. रायफल अडली की कोणत्या नंबरनं दगा दिला ते लगेच कळतं आणि ते मॅगझीन बाजूला काढलं जातं. महाग होतं, ब्रँडेड होतं, अशी दयामाया नाही. तुमच्या ड्रॉवरमधल्या त्या तीन चार्जर्सवरही आज मार्करनं नंबर टाका. दगाबाज कोण, ते महिन्याभरात कळेल!