जोडीची डोंगरशर्यत



ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस सांगायला नको. दोघांतले एक आजारी पडले की कोयता बसतो. इंग्लंडात 1968 साली सुरू झालेल्या दोन दिवसांच्या डोंगरशर्यतीत हाच हिशेब आहे.

शर्यत जोडीनेच करायची. तंबू, अंथरूण, स्टोव्ह, शिदोरी सारे पाठीवर. आखलेली वाट नाही. नकाशा आणि होकायंत्र पाहून ठरलेली ठाणी गाठायची, रात्री डोंगरातच मुक्काम. एक गडी बसला तर दुसरा कितीही तगडा असो, जोडी बाद! म्हणून जाणता गडी दमलेल्या जोडीदाराचे ओझे आपल्या पाठीवर घेतो. दोघांचा वेळ शेवटी एकच धरतात ना.

ऑक्टोबर 2008 मध्ये ही शर्यत बॉरोडेल खोऱ्यात होती. आपल्या प्रवरेच्या उगमाकडे रतनगड-घाटघर जसे, तसा तो तिकडचा अतिपावसाचा मुलूख. पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की शर्यत थांबवावी लागली. ओढे फुगले, रस्ते बंद. अडीच हजारांच्या आसपास स्पर्धक डोंगरात. बाहेर बोभाटा झाला की शेकडो माणसे बेपत्ता! प्रत्यक्षात कितीकांनी तंबूत, कितीकांनी शेतकऱ्यांच्या गोठ्यांत रात्र काढली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा हिशेब लागला.