मोट गेली आणि पोट आले



बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त हे विषय या अंकात आपण नेहमी वाचता. या वेळी विषय जरा निराळा घेतला आहे. उसाचे वजन कसे वाढवावे हे सांगणाऱ्याने आज ऊसवाल्याचे वजन कसे उतरवावे हे सांगायचे ठरवले आहे. वजनकाट्यावर गाडी जड भरली की आपल्याला आनंद होतो. पण आपण स्वतः काट्यावर उभे राहिल्यावर दरसाल आकडा पुढे सरकत असेल, तर त्याचे पैसे मिळत नाहीत, उलट मोजावे लागतात.

हे झाले कसे? थोडा हिशेब करून बघा. वीतभर रुंदीच्या तासाने एक एकर रान नांगरायचे, तर बैलांमागे सतरा-अठरा किलोमीटर चाल पडत असे. त्यात रात्रीबेरात्री दारे धरणे, डोक्यावरून खताच्या पाट्या वाहणे आणि मळ्यापर्यंत पायी जाणे-येणे निराळेच. आज ट्रॅक्टर नांगरतो, ठिबक पाणी देते, मोटार घरबसल्या मोबाईलवर चालू होते आणि मोटारसायकल थेट बांधाला लागते. हे सारे चांगलेच झाले. पण ताट मात्र नांगरणाऱ्याचेच राहिले. भाकरीवर भात, त्यावर पुन्हा आमटी-भात, आणि मधल्या वेळेला चौकातला वडा, फरसाण, थंड पेयाची बाटली. आवक वाढली, खर्च घटला. शिल्लक पोटावर दिसू लागली.

आधी मोजमाप

माती परीक्षणाशिवाय खताचा हप्ता टाकू नये, असे आम्ही सांगतो. इथेही तसेच. घरातला शिलाईचा टेप घ्या आणि श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. आपल्याकडील पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरपेक्षा (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरपेक्षा (साडेएकतीस इंच) जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, ही आपल्याकडची ठेवण दिसायला साधी असली तरी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराला हीच जवळची वाट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग, असे म्हणण्याचे दिवस गेले. वयाच्या तिशीपुढील माणसांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले जातात. तेवढे एकदा करून घ्या.

साखरेचे काय?

साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा म्हणणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असे कोणी म्हणेल. तर हाही हिशेब मांडू. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. पाव्हणे-रावळे, सोसायटी, चावडी धरून दिवसाला सहा कप चहा झाला की ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक पोटात गेले. वर्षाला ही साखर जवळजवळ २२ किलो भरते. म्हणजे एक माणूस नुसत्या चहातून दोन क्विंटल उसाची साखर पिऊन टाकतो! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. सहाचे तीन कप आणि दोनचा एक चमचा केला की ६० ग्रॅमचे १५ होतात. 'आम्ही गुळाचा चहा घेतो' म्हणून सुटका नाही. वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडे आहेत.

कारखान्याची काळजी करू नका. त्याचे धुराडे आपल्या कपातल्या दुसऱ्या चमच्यावर पेटत नाही. आणि सवलतीची साखर घरी आली की ती संपवलीच पाहिजे, असा काही पोटनियम नाही.

ताट कसे असावे

निराळे पदार्थ आणायची गरज नाही. आपल्या शिवारात पिकते ते पुरेसे आहे, फक्त वाटणी बदलायची. अर्धे ताट भाजी, काकडी, मुळा, मेथी, कांदा यांचे. पाव ताट मटकी, हुलगा, मूग, पिठले किंवा अंडी-मासे यांचे. उरलेल्या पाव ताटात भाकरी. भाकरी आणि भात दोन्ही पोटभर नकोत, एकावर जोर द्या. आधी भाजी-उसळ खाऊन मग भाकरीला हात घातला की एक भाकरी आपोआप कमी होते. तळलेले आठवड्यातून एखाद्या वेळी. तेलाचा डबा किती दिवसांत संपतो ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. डबा चार दिवस जास्त पुरला तर बरोबर चालले आहे. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असावे.

भगिनींविषयी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सगळ्यांचे झाल्यावर बसायचे आणि 'वाया जायला नको' म्हणून उरलेले संपवायचे, ही आपल्या घरातली रीत आहे. पातेल्यातला भात वाया जाऊ नये म्हणून शरीर वाया घालवू नये. अंदाजाने कमी शिजवावे आणि सर्वांनी एकत्र बसावे.

'रानात फिरणं होतंच की!'

असे बहुतेक जण सांगतात. पण बांधावर उभे राहून गड्यांना हाका मारणे हा व्यायाम नव्हे. भरभर चालायचे, इतके की शेजारच्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. एकराच्या चौरस तुकड्याभोवतीचा फेरा सुमारे २५४ मीटर होतो, म्हणजे चार फेऱ्यांत एक किलोमीटर. पहिल्या आठवड्यात रोज चारच फेऱ्या. पुढे दर आठवड्याला दोन-दोन वाढवत दहा-बारावर न्याव्यात. त्याला अर्धा तास लागतो. आठवड्यातले पाच दिवस हा नेम पाळला की १५० मिनिटे भरतात, आणि निदान एवढी चाल डॉक्टर मंडळी सांगतात. जोडीला आठवड्यातून दोन दिवस खुर्ची धरून उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर काढावेत, म्हणजे चरबीबरोबर ताकद उतरणार नाही.

चालताना पायात बूट हवेतच. खोडव्याच्या रानात धसकटे भाल्यासारखी उभी असतात. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. धसकट लागलेले कळत नाही, जखम चिघळते आणि गोष्ट पाय गमावण्यापर्यंत जाते. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नयेत आणि जेवणही एकदम तोडू नये. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

घाई नको

महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या पुड्या आणि डबे बाजारात मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. युरियाचा मारा करून ऊस हिरवागार दिसतो, पण पुढे लोळतो आणि उतारा घसरतो. महिन्याला एक किलो उतरले तरी भरपूर झाले. ८० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत चार-पाच किलो घालवले आणि ते परत येऊ दिले नाहीत, तर शरीराला त्याचा फायदा निश्चित होतो. समजा काटा हलला नाही, तरी नेम सोडू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता आहार आणि चालणे सुधारल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले, आणि तेही वजन फारसे घटले नसताना.

एक खुलासा करतो. हा लेख आपल्या फडात कोयता चालवणाऱ्यांसाठी नाही. पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या त्या भावा-बहिणींना जास्त अन्नाची आणि विश्रांतीची गरज आहे. एकाच फडात एकाचे ताट जास्त भरते आणि दुसऱ्याचे कमी, हेही ध्यानात असू द्यावे.

आडसाली लागणीला जुलै-ऑगस्टची वाट बघावी लागते. या कामाला हंगाम नाही, पाळीपत्रक नाही आणि तोडीची चिठ्ठीही लागत नाही. उद्या सकाळी टेप लावून घेर वहीत लिहावा आणि चार फेऱ्या माराव्यात. आमचे गटातील कर्मचारी प्लॉटवर येतील तेव्हा त्यांनाही सोबत घ्या, त्यांनाही गरज आहे. पीक चांगले यावे हे तर आहेच, पण ते बघायला पीकवालाही धडधाकट असावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी