पेशीला निरोप कसा पोचतो?

माणूस घाबरला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. काही क्षणांत छाती धडधडू लागते, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. हे रसायन, म्हणजे संप्रेरक, एकच, पण प्रत्येक पेशी आपापल्या कामाप्रमाणे त्याला उत्तर देते. जिच्यावर ते ओळखणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, नसते, त्या पेशीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अ‍ॅड्रेनॅलिन पेशीच्या आत शिरत नाही. मग आतली कामे सुरू कशी होतात? याचे उत्तर अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शोधले. यकृताच्या पेशी फोडून त्यांनी पेशीपटलाचे तुकडे वेगळे केले. त्यांच्यात संप्रेरक मिसळताच उकळूनही न बिघडणारा एक छोटा रेणू तयार झाला. हा रेणू पेशीतल्या उरलेल्या द्रवात घातला, तेव्हा ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडणारे विकर कामाला लागले. सायक्लिक एएमपी या नावाने ओळखला जाणारा हा रेणू पेशीच्या आतला दुसरा निरोप्या ठरला. सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राही आणि सायक्लिक एएमपी यांच्यामधला दुवा, म्हणजे जी-प्रथिन, मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी उलगडला. त्यांना १९९४ चे नोबेल मिळाले. ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो. बाहेर संप्रेरक चिकटले की त्याच्या आतल्या भागाचा आकार बदलतो आणि जी-प्रथिनाला चालना मिळते. ते आपल्याला चिकटलेला जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू धरते आणि सायक्लिक एएमपी बनवणारे विकर चालू करते. एकच विकर असे कितीतरी रेणू घडवते. पुढच्या पायऱ्यांवरही संख्या वाढत जाते, म्हणूनच रक्तातल्या अत्यल्प संप्रेरकाला यकृत एवढा मोठा प्रतिसाद देऊ शकते.

निरोप थांबवण्याची सोयही तितकीच मोलाची आहे. जी-प्रथिन काही सेकंदांत जीटीपी तोडून स्वतःच शांत होते. सायक्लिक एएमपी नष्ट करणारे विकर वेगळे असते. ही सोय मोडली तर काय होते, ते पटकीत दिसते. पटकीचे जंतू एक विष सोडतात, हे शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ मध्ये दाखवून दिले. ते विष आतड्याच्या पेशींतल्या जी-प्रथिनाला चालू अवस्थेतच अडकवते. सायक्लिक एएमपी साचत राहते, क्लोराइडचे मार्ग उघडे पडतात आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात वाहू लागते. उपचार मिळाले नाहीत तर रोगी काही तासांत दगावू शकतो.

मात्र सोडियम आणि ग्लुकोज यांना मिळून आत घेणारे आतड्यातले प्रथिन या विषापासून वाचते. मीठ-साखरेचे योग्य प्रमाण असलेले ओआरएस त्याच मार्गाने शोषले जाते आणि सोबत पाणीही शरीरात नेते. म्हणून जुलाब लागलेल्या माणसाचे पाणी कधीही तोडू नये; ओआरएस थोडे थोडे पाजत राहावे आणि त्याला लवकर दवाखान्यात न्यावे.